पानं काळी पडू नयेत म्हणून

रविवार, दुपार

तीर्थरूप मावशी,

तुझ्या पायांना वाकून नमस्कार (उजव्या पायाला हळूच, गुडघा अजून ठणकतो म्हणालीस). काकांनाही सांग. त्यांचं कानातलं यंत्र दुरुस्त होऊन आलं नसेल तर दोनदा सांग. तुझी झोप कशी आहे? रक्तदाबाची गोळी सकाळचीच घेतेस ना, की आठवण झाली की घेतेस? इकडे घरातले सगळे खुशाल आहेत, वेळेवर जेवतात, वेळेवर भांडतात. मी एकटीच मंगळवारपासून तोंड लपवून फिरते आहे, आणि त्याचं कारण तुला कळवायला हवं, कारण ते तुझ्याच फोनपासून सुरू झालं. (तुझी चूक नाही. हे पत्रात पुढेही दोन वेळा लिहिणार आहे, पण आताच लिहून ठेवते, कारण तू पत्र अर्धं वाचून रडायला बसतेस.)

मंगळवारी मी फोन मध्येच ठेवला. दूध उतू जातंय म्हणाले. मावशी, दूध उतू जात नव्हतं. दूध फ्रीजमध्ये होतं आणि गॅस पेटवलेलाही नव्हता. खरं कारण म्हणजे तू गुडघ्यावरून शेजारणीवर आणि शेजारणीवरून पानांवर येत सहज म्हणालीस की, या खेपेला घरात लिंबं नव्हती गं, म्हणून पानं तशीच पाठवली, काळी नाही ना पडली? मी विचारलं, लिंबं कशाला? तर तू म्हणालीस, अगं पहिल्या वेळी लिंबाच्या पाण्यात चांगली तासभर बुडवून ठेवली होती, म्हणून तर हिरवीगार पोचली. तिथे माझ्या पायाखालची जमीन सरकली आणि दूध उतू गेलं. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण तुझा आवाज ऐकला की मी पुन्हा काहीतरी उतू घालवीन, म्हणून पत्र.

आता पहिल्यापासून सांगते. वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी पीएच.डी. करायचं माझ्या डोक्यात का आलं हे तुला ठाऊक आहे. कॉलेजात माझ्यानंतर लागलेल्या, माझ्याकडेच शिकलेल्या दोन मुली डॉक्टर झाल्या आणि मला ‘मॅडम’ म्हणताना किंचित थांबायला लागल्या. ते थांबणं मला सहन होईना. विषय शोधायला वेळ नव्हता, तेव्हा तुझ्या मागच्या अंगणाच्या कुंपणाचं ते झुडूप आठवलं. शेळ्यासुद्धा तोंड लावत नाहीत म्हणून लावलेलं. त्याच्या पानांवर कोणी काम केलेलं नव्हतं (आता मला वाटतं, शेळ्यांना आमच्यापेक्षा जास्त कळतं). सरांनी, म्हणजे माझ्या मार्गदर्शकांनी, विषय मंजूर केला. पानांतून अँटिऑक्सिडंट द्रव्यं वेगळी काढायची आणि त्यांचा जोर मोजायचा.

तेव्हा तू विचारलं होतंस, अँटिऑक्सिडंट म्हणजे काय गं? आणि मी, वीस वर्षं फळ्यासमोर उभी राहिलेली बाई, फोनवर ऐटीत समजावलं होतं की मावशी, कापलेलं सफरचंद हवेवर काळं पडतं की नाही, तशी आपल्या शरीराची आतून झीज होते. आणि काही पानांत असं द्रव्य असतं की ते हे काळं पडणं थांबवतं. तेच शोधायचंय. तू ‘हं’ म्हणालीस. मला वाटलं, किती सोपं करून सांगितलं. इतकं सोपं केलं की तू त्यातून एकच गोष्ट घेतलीस: भाचीच्या प्रयोगशाळेत काळी पानं जाता कामा नयेत, लोक काय म्हणतील! आणि कापलेल्या सफरचंदाला तू आयुष्यभर जे करत आलीस तेच पानांना केलंस. मावशी, तुझी चूक नाही. (ही दुसरी वेळ.) माझी विद्यार्थिनी असतीस तर तुला पूर्ण गुण दिले असते.

पण एवढ्यावर भागलं असतं तर मी हसून फोनवरच सांगितलं असतं. माझं पाप याच्या आधीच सुरू झालेलं आहे. संशोधनाचा नियम असा, की पानं संशोधकाने स्वतः, ठरलेल्या वेळी, एका पद्धतीने तोडायची. मी अहवालात लिहिलं, ‘पाने संशोधिकेने स्वतः सकाळी सात वाजता, शेंड्याकडून तिसरे व चौथे पान या क्रमाने तोडली.’ सरांना आवडलं म्हणून पुढे, ‘दव टिपून’ असंही घातलं. त्या दिवशी सकाळी सात वाजता संशोधिका डोक्यावरून पांघरूण घेऊन झोपली होती. पानं तू तोडलीस, दुखऱ्या गुडघ्याने, आणि तिसरं-चौथं सोड, हाताला येतील ती तोडलीस असं तूच म्हणालीस. शनिवारचा एक दिवस काढून मला येता आलं असतं. सहा तासांचा तर प्रवास. मी कंटाळा केला.

पुडकं टपालाने आलं ते थेट प्रयोगशाळेच्या पत्त्यावर. दोन दिवसांच्या प्रवासानंतर पानं आताच तोडल्यासारखी टवटवीत. सर हरखून गेले (त्यांना मी सांगितलं होतं, परवा तोडून मीच घेऊन आले). एक पान हातात धरून ते खिडकीशी किती तरी वेळ उभे होते. म्हणाले, हे पान स्वतःलाच काळं पडू देत नाही, यातच सगळं आलं! आणि याच वाक्यावर त्यांनी मला एक स्वतंत्र परिच्छेद लिहायला लावला. मावशी, तुझ्या लिंबावर छापील पाऊण पान मजकूर तयार आहे आणि त्यात लिंबाचं नाव नाही.

इथे तुला गाळणीमामांची ओळख करून द्यायला हवी. ते आमच्या प्रयोगशाळेचे सहायक. चौतीस वर्षं नोकरी झाली, अजून तीन महिन्यांनी निवृत्त होतील. काहीही गाळायला दिलं की एकदा गाळून त्यांचं समाधान होत नाही, पुन्हा गाळतात, म्हणून हे नाव. त्यांना ते माहीत आहे आणि आवडतंही. बोलणं कमी. काचेच्या प्रत्येक भांड्याची त्यांना अशी ओळख आहे की कोणत्या चंबूच्या तोंडाला कधी टवका उडाला आणि तो कोणी पाडला हे ते तारखेसह सांगतात (टवके पाडणाऱ्यांत माझा नंबर वरचा). पानं तोलायची, खलात कुटायची, अल्कोहोलात भिजत घालायची, अंधारात ठेवायची, गाळायची, मग फिरत्या चंबूत अल्कोहोल उडवून खाली राहिलेला गडद हिरवा चिकटा खरवडून काढायचा, या सगळ्या कामात माझे हात दोन आणि मामांचे दोन होते, पण अक्कल तिथे एकाच माणसाला होती आणि तो मी नव्हते.

परीक्षा अशी असते. एका जांभळ्या औषधाचं पाणी करायचं आणि त्यात अर्काचे थेंब टाकायचे. अर्कात तो गुण असेल तर जांभळा रंग उडून पाणी पिवळट होतं. जितकं पटकन, तितका अर्क जोरदार. चांगल्या पानाला अर्धा तास लागतो. आपल्या पानाने डोळ्याचं पातं लवायच्या आत रंग उडवला. सरांनी शेजारच्या दोन विभागांतली माणसं बोलावली. मी प्रत्येकाला करून दाखवलं. जांभळं, पिवळं, जांभळं, पिवळं. पुढच्याच आठवड्यात समितीपुढे सादरीकरण झालं. मी नवी साडी नेसले होते. कोणीतरी विचारलं, पानं सकाळचीच का तोडली? तर मी, मावशी, मी त्या दवातल्या सकाळचं असं वर्णन केलं की समितीतल्या एका बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. ‘मॅडम’ म्हणताना थांबणाऱ्या दोघीजणी मागच्या रांगेत होत्या. त्या दिवशी थांबल्या नाहीत.

समितीने एवढंच सांगितलं की उत्तम आहे, फक्त नव्या पानांवर तीनदा करून दाखवा. म्हणून मी तुझ्याकडून दुसरं पुडकं मागवलं. ते आलं. पानांच्या कडा काळवंडल्या होत्या. कुटली, भिजवली, गाळली (दोनदा), उडवली, खरवडली. थेंब टाकला. पाणी जांभळं. अर्ध्या तासाने जांभळं. आम्ही जेवून आलो तरी जांभळंच. तिन्ही वेळा तेच. पहिला अर्क शिल्लक असता तर ताडून पाहता आलं असतं, पण तो मी पाहुण्यांना जादू दाखवण्यात संपवला होता. समितीला पंधरा दिवस उरले होते. सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, हे झालं कसं?

आता जे लिहिते आहे ते लिहिताना पेन जड झालं आहे. मी म्हणाले, काचसामान नीट धुतलेलं नसावं. मामा तिथेच होते, हातात माझाच चंबू होता. मी त्यांच्याकडे न बघता म्हणाले. मला तसं खरंच वाटत होतं का? नाही. मला फक्त सगळ्यांची नजर माझ्यावरून दुसरीकडे जायला हवी होती, आणि ती गेली. सरांनी मामांकडून लेखी खुलासा मागवला. चौतीस वर्षांत पहिला. त्यांनी एकच ओळ लिहून दिली: ‘यापुढे अधिक काळजी घेईन.’ तो कागद त्यांच्या नोकरीच्या फाइलमध्ये लागला. फाइल निवृत्तीच्या वेळी वर जाते, तिथली माणसं मामांना ओळखत नाहीत. ती फक्त तो कागद वाचतील.

मामा रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी प्रयोगशाळेतली सगळी काच पुन्हा धुतली, आठ दिवस. आणि तेव्हापासून मला काहीही देताना ते आधी ती वस्तू उजेडाकडे धरतात, फिरवून दाखवतात आणि म्हणतात, “बघून घ्या, मॅडम.” टोमणा नसतो गं त्यात. खरंच दाखवतात. मी बघितल्यासारखं करते. काच इतकी स्वच्छ असते की पलीकडे मामांचा चेहरा दिसतो, म्हणून मी बुडाकडे बघते.

आणि मग मंगळवारी तू लिंबाचं बोललीस. बुधवारी मी पर्समध्ये एक लिंबू लपवून घेऊन गेले. जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेल्यावर एक थेंब पिळला. डोळ्याचं पातं लवायच्या आत पिवळं. मावशी, मी चार वर्षं लिंबावर पीएच.डी. करते आहे. लिंबात हा गुण असतो हे शाळेतल्या मुलांना माहीत असतं. मी स्वतः ते दहा वर्षं शिकवलं आहे. सालं मी रुमालात बांधून घरी आणली, प्रयोगशाळेच्या केराच्या डब्यात टाकायचाही धीर झाला नाही, कारण तो डबा मामा रिकामा करतात.

तेव्हापासून मी रोज ठरवते की आज सरांना सांगायचं. गुरुवारी गेले तर त्यांच्याकडे कोणी बसलेलं होतं. शुक्रवारी कोणीच बसलेलं नव्हतं, म्हणून मला आत जायची भीती वाटली. शनिवारी मी त्यांच्या दारावरची पाटी दोनदा वाचून परत आले. पण आता पक्कं ठरलं आहे. उद्या सोमवारी, कामाला लागायच्या आधी, सरांकडे जाऊन लिंबाचं सांगून टाकणार, मामांचा कागद फाइलमधून काढायला लावणार आणि मामांची सगळ्यांसमोर माफी मागणार. पदवी गेली तर गेली. तुझ्या भाचीला कोणी डॉक्टर म्हटलं नाही तरी चालेल, पण एका माणसाच्या चौतीस वर्षांवर तिचा डाग राहायला नको. हे लिहिल्यावर मन हलकं झालं. तू मनाला लावून घेऊ नकोस, तुझी चूक नाही. गोळी वेळेवर घे. काकांच्या यंत्राचं कळव.

तुला तोंड दाखवायला अजून थोडी लाजणारी,
तुझी बारकी

ता. क. एक छोटंसं काम होतं. मी सांगितल्यावर सर तुला फोन करतील अशी शक्यता आहे, त्यांना खात्री करून घ्यायची सवय आहे. लिंबाचं खरं तेच सांग. फक्त पानं कोणी तोडली असं विचारलं तर, बारकी आली होती, तिनेच तोडली, मी नुसती लिंबाच्या पाण्यात बुडवली, एवढं म्हणशील का? सकाळी सातला, असंही म्हण. कसं आहे, लिंबू म्हणजे अपघात. पण ‘स्वतः तोडली’ हे मी सही करून लिहून दिलं आहे, त्याला अपघात म्हणत नाहीत. तू आयुष्यात खोटं बोललेली नाहीस हे मला माहीत आहे. म्हणूनच तुझ्यावर त्यांचा विश्वास बसेल.

ता. क. (सोमवार) वरचं ता. क. वाचू नकोस. वाचलंच असशील तर विसर. पत्र पर्समध्येच होतं, टाकायचं राहिलं होतं. सकाळी लवकर प्रयोगशाळेत गेले, ते सरांना भेटायला नाही. तुझं पहिलं पुडकं कोणत्या तारखेला आलं ते बघायला, म्हणजे आपल्या दोघींच्या सांगण्यात तारीख चुकायला नको. येणाऱ्या प्रत्येक वस्तूची नोंद मामा एका आवक वहीत करतात आणि शेजारी आपली सही घेतात. आपण काय, उभ्या उभ्या सही करून मोकळे होतो. ते पान सापडलं. मामांचं टपोरं अक्षर: ‘पाने, एक पुडके. टपालाने आली. ओलसर. लिंबाचा वास.’ आणि शेजारी माझी सही. मोठी, ऐटीतली, खाली दोन टिंबं.

टपालाने आली. लिंबाचा वास. मावशी, माझी दोन्ही पापं पहिल्याच दिवशी, माझ्याच सहीने, लिहून ठेवलेली होती. ज्या दिवशी मामांकडून खुलासा मागितला त्या दिवशी त्यांनी फक्त ही वही उघडून सरांसमोर धरली असती तरी पुरे होतं. धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. तेवढ्यात मामा आले, मी कुठलं पान उघडलंय ते त्यांनी पाहिलं. मी विचारलं, मामा, हे दाखवलं का नाहीत? ते म्हणाले, “खुलासा बाटल्यांचा मागितला होता, मॅडम. पानांचं कोणी विचारलं नाही.” मग चंबू पुसता पुसता म्हणाले, “आणि सही तुमची होती.” मला वाचवलं की माझ्यापुढे आरसा धरला, हे त्यांच्या आवाजावरून कळलं नाही. मी तिथेच स्टुलावर बसून रडले. त्यांनी गाळायचा कागद दिला. रुमाल नव्हता त्यांच्याकडे.

ता. क. (मंगळवार) सरांना काल सगळं सांगितलं. लिंबू, पांघरूण, दव, काचसामान, सगळं. त्यांनी आधी बोटांवर काहीतरी मोजलं, कारण ‘स्वतःलाच काळं पडू देत नाही’ हे वाक्य त्यांनीही तीन ठिकाणी बोलून ठेवलं आहे. मग त्यांनी मामांना बोलावलं, तो एका ओळीचा कागद फाइलमधून काढून त्यांच्या हातात दिला आणि देताना खुर्चीतून उठून उभे राहिले. मी सगळ्यांसमोर माफी मागितली. मागच्या रांगेतल्या दोघीही होत्या. माझं पुढे काय होणार ते समिती ठरवेल. सर म्हणाले, राहू दिलं तर पहिल्यापासून करावं लागेल. फोन आला तर जे झालं ते सांग, माझ्यासाठी एक शब्दही फिरवू नकोस. आणि पानं पाठवू नकोस. शनिवारी मीच येते. दार ठोठावलं तर उघड, बाकी काही करू नकोस, आणि लिंबं कुठे ठेवतेस ते मला दाखव, म्हणजे मी त्या बाजूला जाणार नाही.

एक राहिलं. सरांनी माझाही लेखी खुलासा मागितला. दीड पानाचा लिहिला, चार वेळा फाडून. प्रयोगशाळेत कुठलाही कागद आला की त्याचीही नोंद होते, म्हणून तो मामांकडे दिला. त्यांनी वाचला नाही. चिमटीत धरून अंगठ्याने चाचपला, वही उघडली आणि लिहिलं: ‘खुलासा, एक. ओलसर.’ मग नाकाजवळ नेऊन हुंगला आणि पुढे लिहिलं, ‘वास नाही.’ वही माझ्याकडे सरकवली. मी सगळं नीट वाचलं, आणि मग सही केली.